गुरुवारची पालकसभा

आमच्या शाळेची पालकसभा गुरुवारी असते. शिक्षण खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात याचं कारण सापडायचं नाही. भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंत बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून पुणे परिसरातल्या उद्योगांना कधीकाळी हा वार ठरवून दिला गेला आणि तो इथल्या संसारांच्या अंगवळणी पडला. रविवारी मूल घरी असतं तेव्हा बाप मशीनवर, आणि गुरुवारी बाप घरी तेव्हा मूल शाळेत. बापलेकांची गाठ पडायची तर आठवड्यातला एक दिवस शाळेनंच जुळवून द्यावा लागतो. म्हणून गुरुवार.

मी मूळची जुन्नर तालुक्यातली, सासर मोशीचं, आणि नोकरी चाकणजवळच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत. नाशिक महामार्गावरून दुचाकीनं जाते-येते. त्या रस्त्याबद्दल इथं लिहीत नाही. ज्यांनी तो रोज सोसला आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना पटायचं नाही.

माझ्या वर्गात चौथीची मुलं आहेत. नांदेड, परभणी, वाशीम, जळगाव, समस्तीपूर, गोंडा, आणि दोन-तीन खुद्द या गावची. हा क्रम मी मुद्दाम लावलेला नाही, हजेरीपटच असा आहे. गावातल्या बागायतदारांची, गाळे आणि खोल्या भाड्यानं देणाऱ्यांची मुलं सकाळी पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेला जातात. त्यांच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्यांची मुलं आमच्याकडे येतात. शाळेची इमारत ज्यांच्या आजोबांनी जागा देऊन, श्रमदान करून उभी केली, त्या घरांतलं एकही मूल काही वर्गांत नाही. आणि ज्यांची मुलं आहेत, त्यांचं गावच्या मतदारयादीत नाव नाही.

शाळा गावाची म्हणायची तर मग कोणत्या गावाची? रोजच्या कामात हा प्रश्न मला कुठल्याही शैक्षणिक चर्चेपेक्षा जास्त वेळा आडवा येतो.

पिंपरीचं कारखानदारीकरण झालं तेव्हा गोष्ट वेगळी होती. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग टेल्को आणि बजाज. तिथं लागलेला कामगार बहुधा कायम व्हायचा. त्याला वसाहतीत घर मिळे, नाहीतर 1972 साली स्थापन झालेल्या प्राधिकरणात तो प्लॉट घ्यायचा, मुलं एकाच शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत शिकायची. पिंपरी आणि आसपासची गावं 1970 मध्ये नगरपालिकेत आणि 1982 मध्ये महापालिकेत आली. आज पिंपरी-चिंचवड महापालिका स्वतःच्या शंभरावर प्राथमिक शाळा चालवते. तिचा शिक्षण विभाग वेगळा, पैसा वेगळा, आणि खरं सांगायचं तर थाटही वेगळा. चाकणची भरभराट त्यानंतरची. नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी इथं कारखाने वाढले ते कंत्राटी कामगारांच्या काळात. बाप ठेकेदाराकडे, आई पॅकिंगला. ठेका संपला की कंपनी बदलते, कंपनी बदलली की खोली, आणि खोली बदलली की शाळा. भाडेकरार अकरा महिन्यांचा. शाळेचं वर्ष त्यात नेमकं बसत नाही.

थोडं व्यवस्थेबद्दल सांगते, कारण शहरातल्या वाचकांना 'झेडपीची शाळा' म्हणजे एकटी उभी असलेली कौलारू इमारत वाटते. तसं नाही. सगळ्यात वर पुणे जिल्हा परिषद आणि तिचे शिक्षणाधिकारी. खाली खेड पंचायत समिती, तिथं गटशिक्षणाधिकारी. तालुक्याचे बीट, बीटावर विस्तार अधिकारी. बीटात केंद्रं, म्हणजे दहा-पंधरा शाळांचा गट, त्याचे केंद्रप्रमुख. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र बसतात. त्यात काही वेळा खरंच काही शिकायला मिळतं, आणि बाकी वेळा कोणत्या लिंकवर कोणती माहिती कधीपर्यंत भरायची हे कळतं.

पण शाळा चालते ती खालून. साडेदहाच्या आत मुलं झाडलोट करून मोकळी होतात. परिपाठ त्यांचाच: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, मग सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. प्रत्येक वर्गाला आठवडा वाटून दिलेला. नवीन आलेलं मूल पहिले काही दिवस ओळीत नुसतं उभं असतं. मग एक दिवस त्याला सुविचार वाचायला लावायचा. वाचता येत नसेल तर शेजारची मुलगी कानात सांगते आणि ते मोठ्यानं म्हणतं. एवढं झालं की ते मूल त्या शाळेचं झालं असं समजावं. उद्देशिकेतला 'बंधुता' हा शब्द मुलं फार जोरात म्हणतात. का ते मला कळलेलं नाही, बहुधा ओरडायला सोपा म्हणून.

2025 साली राज्यात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला. 16 एप्रिलला शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचं जाहीर झालं. आमच्या शिक्षक खोलीत त्यावर तावातावानं चर्चा चालू होती आणि बाहेर मैदानात समस्तीपूरची पोरगी परभणीच्या पोराला खास परभणीच्या ठसक्यात "आरं सोड की, माझा डाव हाय" असं सुनावत होती. मराठी शिकवायला मी आहेच, पण पहिला धडा मैदानावर होतो. लगोरी, खो-खो, लंगडी. खेळात शिरायचं तर भांडता आलं पाहिजे आणि इथं भांडण मराठीत चालतं.

दुपारी जेवण. पूर्वी याला आम्ही सगळे खिचडी म्हणायचो. केंद्र सरकारची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली तेव्हा मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळायचा. शिजवलेलं अन्न द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सांगितलं. आज नियम असा, की पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, एकूण जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाटाणा आलटून पालटून. वाढण्याआधी शिक्षकानं चव घेऊन रजिस्टरमध्ये नोंद करायची. ती चव घेण्याची पाळी माझी असली की स्वयंपाकाच्या मावशी मुद्दाम समोर उभ्या राहतात. "मॅडम, मीठ?" असं विचारतात, पण उत्तर त्यांना ठाऊक असतं.

या मावशींना महिन्याला मिळतात अडीच हजार रुपये. आसपासच्या कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला याच्या कितीतरी पट मिळतात. तरी त्या इथं आहेत, कारण त्यांची नात दुसरीत आहे. सगळी योजना अशा नातींच्या भरवशावर चालू आहे, हे वरच्या लोकांनी एकदा मान्य करावं.

नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी हजेरी वाढायची. आमच्या हजेरीपटावर ते डोळ्यांना दिसायचं. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून जमवा म्हणून सांगितलं. लोकसहभाग म्हणजे आमच्याकडे कोण? पालकांचा पगार बघता त्यांच्याकडे मागवत नाही. मग गावातल्यांकडे जायचं. गावातल्यांचा हात आखडता नाही, हेही लिहिलं पाहिजे. यात्रेत बैलगाड्याच्या घाटावर लाखोंची बक्षिसं लावणारी माणसं तिथी भोजन म्हटलं की नाही म्हणत नाहीत. मुलाच्या वाढदिवसाला जिलेबी, मसालेभात, एखादा तर सगळ्या पोरांना आंबरस घालतो. त्या दिवशी व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जाणारा वाढदिवसाचा मुलगा आमच्या पोरांना वाढायला येतो. पण जिलेबी वर्षातून एकदा, आणि अंडं दर आठवड्याला लागतं.

कंपन्यांचा सीएसआर हा आणखी एक अध्याय. आमच्या भिंतीवर आगगाडी रंगवलेली आहे. वर्गाची दारं हीच डब्याची दारं. फोटोत फार छान येते. ती ज्यांनी रंगवली त्यांना आम्ही मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी मागितलं होतं. त्या वर्षी त्यांच्या यादीत रंग होता, पाणी नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीनं मात्र आधी येऊन मुलांच्या बाकांवर बसून पाहिलं, मग काय हवं ते विचारलं आणि पाण्याची टाकी, मोटर, नळ, सगळं करून दिलं. पाटी मात्र दोघांचीही तेवढीच मोठी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. या कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असलेच पाहिजेत, आणि एकूण निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच. मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा, आहारावर देखरेख, अनुदानाचा हिशेब, शाळाबाह्य मुलांचा शोध, हे सगळं समितीचं काम. गणवेशाचंच घ्या. 2024-25 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं, शिलाई भलतीकडे झाली, अनेक शाळांना वर्ष सरत आलं तरी पुरते कपडे मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी अधिकार परत समित्यांकडे आला. आमच्या समितीनं चाकणच्या शिंप्याकडून, मापं घेऊन, वेळेत शिवून घेतले.

आणि इथंच आमच्या गावची गंमत होते. कायद्यानं सदस्य पालकच हवा. पालक म्हणजे भाडेकरू. त्यामुळे गावात एक अशी जागा तयार झाली जिथं वाशीमहून आलेली, एका खोलीत राहणारी बाई खुर्चीवर बसते आणि ग्रामपंचायतीचे सदस्य, म्हणजे कित्येकदा तिचे घरमालकच, समोर बसून तिचं ऐकतात. ग्रामसभेत ती जात नाही, गेली तरी मागे उभी राहील. इथं ती मत देते. पहिल्या बैठकीत कुणीच बोलत नाही, हे ठरलेलंच. सगळ्या मान खाली घालून सही कुठं करायची ते विचारतात. एका गुरुवारी मात्र सेकंड शिफ्टला जायच्या घाईत असलेल्या एका आईनं घड्याळाकडे बघत एका दमात सांगून टाकलं: शाळा सुटते पाचला, मी घरी येते रात्री साडेअकराला, मधल्या वेळात माझी मुलगी खोलीला आतून कडी लावून बसते, तुम्ही मैदानाचं गेट पाचला का बंद करता?

यावर बरीच चर्चा झाली. जबाबदारी कुणाची, शिक्षक तर पाचला जाणार, काही झालं तर? शेवटी गावातल्याच एका निवृत्त माणसानं सांगितलं की मी रोज पारावर बसतोच, तसा शाळेच्या ओट्यावर बसेन. आता साडेसहापर्यंत मैदान उघडं असतं. आजोबा पेपर वाचत बसतात, पोरं खेळतात, मोठ्या मुली लहानांकडून पाढे म्हणून घेतात. कुठल्याही योजनेत हे नाही, कुठल्याही पोर्टलवर भरता येत नाही.

पोर्टलचं दुःख मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, पट आधार पडताळणी झालेल्या मुलांचाच धरतात. आमच्या मुलाचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. दुरुस्तीला बापानं एक दिवसाची हजेरी बुडवायची, तीही गावाकडची कागदपत्रं असतील तर. मूल बाकावर बसलेलं असतं, जेवतं, पाढे म्हणतं, आणि हिशेबात ते नसतं. एखाद्या वर्षी अशा न मोजलेल्या मुलांपायी शाळेतला एक शिक्षक कमी होऊ शकतो.

आमच्याच खेड तालुक्यात कनेरसरजवळ जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथली जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या बेतात होती. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेमुळे आधीच माहीत असलेले दत्तात्रय वारे गुरुजी तिथं गेले, गाव कामाला लागलं. मोठ्या-लहान मुलांनी एकमेकांना शिकवायचं, ही तिथली 'विषय मित्र' पद्धत. 2025 साली टी4 एज्युकेशन या संस्थेच्या जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत या शाळेला लोकांच्या मतांवर दिला जाणारा कम्युनिटी चॉईस पुरस्कार मिळाला. आमच्या केंद्रात पेढे वाटले गेले. अभिमान आहेच. पण पेढा खाताना माझ्या डोक्यात आलं, की तिथं गाव उभं राहिलं, आमच्याकडे उभं राहायला गाव गोळा कुठून करायचं? दर अकरा महिन्यांनी पालक बदलतात. जालिंदरनगरची पद्धत उचलता येईल, मुलं मुलांना शिकवतील, आमची शिकवतातच. पण तिथल्यासारखा लोकसहभाग हवा असेल तर आधी भाडेकरूला 'लोक' म्हणून मोजावं लागेल.

सणवारांत ते थोडंफार होतं. आषाढीला आमची दिंडी निघते. आळंदी हाकेच्या अंतरावर, देहू तिकडे पलीकडे. या पट्ट्यातल्या पोरांना टाळ वेगळे शिकवावे लागत नाहीत. मागच्या खेपेला विठ्ठल झालेला मुलगा गोंड्याचा होता, त्याच्या आईनं पितांबर आपल्या लग्नातल्या साडीचा केला. दिंडी चाळीच्या बोळांतून नेली, मुद्दाम. एरवी ती वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जायची. नाईट करून झोपलेले लोक बाहेर आले, बायांनी विठ्ठलाच्या पायावर पाणी घातलं. दिवाळीनंतर हीच कुटुंबं छटपूजेला मोशीच्या इंद्रायणी घाटावर जातात, काही गावाकडे जातात, आणि नोव्हेंबरात माझा वर्ग निम्मा रिकामा असतो. तेव्हा नवीन धडा घ्यायचा नाही, उजळणी घ्यायची, हे मी आता ठरवूनच टाकलं आहे.

डिसेंबर-जानेवारी यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सवाचे. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या. कबड्डी, खो-खो, धावणे, लेझीम, लोकनृत्य, भजन. या दिवसांत शाळा शाळेसारखी दिसते. आमच्या खो-खोच्या मुली बीटापर्यंत गेल्या, तिथं हरल्या. त्यातली एक, पाठलागात सगळ्यांत चपळ, पुढच्या महिन्यात दाखला घेऊन रांजणगावला गेली; वडिलांना तिकडे काम लागलं. तिच्या जागी कोण, यावर मुलींची दोन दिवस भांडणं. मला विचाराल तर शाळेच्या निकालपत्रात हरण्या-जिंकण्यापेक्षा हाच आकडा महत्त्वाचा: किती मुलं वर्षाच्या मध्ये आली, किती गेली, आणि गेलेली पुढच्या शाळेत पोचली की नाही. तो रकाना कोणी विचारत नाही. आम्ही मात्र त्या पुढच्या शाळेत फोन करतो. फोन लागला, "हो मॅडम, आली आहे" असं ऐकलं, की काम संपलं.

तिसरी-चौथीची क्षेत्रभेट संग्रामदुर्गाला असते. चाकणचा हा भुईकोट. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध तो जवळपास दोन महिने लढवला. गावातली मुलं पूर्वी तिथं मालकाच्या रुबाबात फिरायची, कारण किल्ला त्यांचाच. आताची पोरं आधी बिचकतात. परतताना मात्र बसमध्ये "आपला किल्ला" असंच बोलतात. चौथीचं इतिहासाचं पुस्तक शिवाजी महाराजांचंच, त्यामुळे पुढे महिनाभर माझ्या वर्गात निम्मे मावळे आणि निम्मे खानाचे सैनिक असतात. खानाकडे जायला कुणी तयार नसतं, चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

गावातल्या व्हॅनवाल्या पालकांना मी टोमणा मारत नाही. मुलाला इंग्रजी यावं असं कुणालाही वाटणारच. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की मूल आमच्याकडे पाठवलं नाही तरी स्वतः या. समितीच्या बैठकीला ग्रामपंचायतीतर्फे जो सदस्य येतो तो येऊ दे, पण सहीपुरता नको. शाळेचं वीजबिल, नळ, कंपाउंड हे प्रश्न गावच सोडवू शकतं. मतदारयादीत नाव नसलेली आई ते सोडवू शकत नाही.

आणि वाचकांपैकी कुणी मोशीत, चिखलीत, चाकणात राहत असाल, तर तुमच्या खोल्यांत, शेजारच्या बांधकामावर, कंपनीबाहेरच्या टपरीवर दिवसा घरी दिसणारं सहा ते चौदा वर्षांचं मूल असेल. त्याला जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन या. जन्मदाखला, जुना शाळासोडल्याचा दाखला, आधार, यांतलं काही नसलं तरी कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि जून उलटून गेला तरी प्रवेश होतो. आई-बाप कामावर जातात म्हणून अडत असेल, तर गुरुवारी या.